‘उपलब्ध नाही’ असे लिहिण्यापूर्वी

आपल्या या वार्षिकाच्या एका जुन्या अंकात एका विद्यार्थिनीचा लेख छापलेला आहे. विषय तिच्या आजीचे गाव. हे गाव औसा तालुक्यातले, किल्लारीच्या परिसरातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात ते जमीनदोस्त झाले आणि पुढे नव्या जागी वसवले गेले. लेख मनापासून लिहिलेला आहे. आजीच्या तोंडून ऐकलेले दगडी वाडे, मारुतीचा पार, पाणवठ्यावरची भांडणे हे सारे त्यात आले आहे. पण दुसऱ्याच पानावर एक वाक्य आहे : ‘या गावाची भूकंपापूर्वीची लेखी माहिती उपलब्ध नाही.’

हे वाक्य चुकीचे आहे आणि चूक तिची नसून माझी आहे. पुष्कळ वर्षे हे सांगावयाचे राहून गेले. यंदा संपादकांनी ‘संदर्भग्रंथांचा वापर’ या विषयावर विद्यार्थ्यांसाठी काही लिहावे असे सुचविले, तेव्हा आरंभ येथूनच करणे योग्य वाटले.

ती मुलगी ग्रंथालयात आली त्या वेळी मला येथे लागून आठ-दहा वर्षे झाली होती. तेव्हा नवखेपणाची सबब मला नाही. “सर, आजीच्या गावात भूकंपाच्या आधी घरं किती होती, माणसं किती होती, शाळा होती का, बाजार कधी भरायचा, असं कुठं मिळेल?” असा तिचा प्रश्न होता. प्रश्न किती नेमका होता हे आज कळते. मी मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटिअरची यादी पाहिली. तीत लातूर नव्हते. जनगणनेच्या काही जुन्या जिल्हा पुस्तिका आमच्याकडे होत्या. त्यांतही लातूर नव्हते. पंधरा मिनिटांत मी तिला सांगितले, “नाही गं, अशी माहिती उपलब्ध नाही.” तिने माझा शब्द प्रमाण मानला आणि तसाच लेखात लिहिला.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका वाचकाला तुळजापूरविषयी काही आकडे हवे होते, म्हणून मी १९७१ च्या जनगणनेची उस्मानाबाद जिल्ह्याची पुस्तिका काढली. पाने उलटताना औसा तालुका समोर आला आणि त्या तालुक्याच्या गावांच्या यादीत त्या आजीचे गाव होते. क्षेत्रफळ, घरे, कुटुंबे, पुरुष, स्त्रिया, साक्षर किती, शाळा, पिण्याच्या पाण्याची सोय, बाजाराचा वार, सारे एका ओळीत. पुस्तक आमच्याच कपाटात, मी बसतो तेथून दहा पावलांवर होते. मी लातूर शोधत होतो आणि लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यापूर्वी औसा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण ग्रंथ हाती घेण्यापूर्वी ते आठवले नाही.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील एक सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. ‘नाही’ हे उत्तर सर्वांत कमी वेळात देता येते. पण त्याने वाचकाचा वेळ वाचत नाही, त्याचा शोध संपतो. त्या प्रसंगानंतर मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयात दोन तास घेतो. त्या तासांत जे सांगतो तेच येथे लिहून काढत आहे.

१. प्रश्नाची जात ओळखा

तासाच्या आरंभी मी एका डब्यात चिठ्ठ्या घालून आणतो. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न असतो. अट अशी की उत्तर लिहावयाचे नाही. उत्तर कोठे पाहाल तेवढेच लिहावयाचे. मुलांना हे प्रथम विचित्र वाटते. एकदा एका मुलाने सगळ्या वर्गाच्या वतीने उभे राहून सांगितले, “सर, सगळ्या चिठ्ठ्यांचं उत्तर एकच. मोबाईल.” वर्ग हसला, मीही हसलो. त्या मुलाच्या उत्तराकडे पुढे येऊ.

चिठ्ठ्यांवरील प्रश्न वरवर सारखेच दिसतात, पण त्यांच्या जाती निरनिराळ्या असतात. शब्दाचा अर्थ हवा असेल तर शब्दकोश. पण तेथेही निवड आहे. एकोणिसाव्या शतकातील मजकूर वाचताना एखादा शब्द अडला, तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उपयोगी पडतो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, म्हणजे तो त्या काळाचाच साक्षीदार आहे. व्युत्पत्ती, बोलीतील रूपे आणि जुन्या ग्रंथांतील वापर पाहावयाचा तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. म्हणी व वाक्प्रचार यांसाठी त्याच संपादकांचा ‘वाक्संप्रदाय कोश’ वेगळा आहे.

एखाद्या विषयाची प्राथमिक ओळख करून घ्यावयाची असेल तर ज्ञानकोश. डॉ. केतकरांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ तेवीस खंडांचा, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पुरा झालेला. ‘मराठी विश्वकोश’ हा वाईहून, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली सुरू झालेला. सण, व्रते, दैवते, तीर्थे, जातिजमातींचे आचार यांसाठी पं. महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ आधी पाहावा. व्यक्तीविषयी प्रश्न असेल तर चरित्रकोश. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन व अर्वाचीन असे तीन वेगळे कोश केले, म्हणून व्यक्ती कोणत्या काळातील हे आधी ठरवावे लागते. एखादे मराठी पुस्तक केव्हा निघाले, त्या लेखकाची आणखी कोणती पुस्तके आहेत, असा प्रश्न असेल तर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. एकट्या माणसाने केवढे काम करावे याचा तो नमुना आहे. तिच्या दोन भागांत १८०० ते १९५० पर्यंतची पुस्तके नोंदलेली आहेत.

गावाची लोकसंख्या, शाळा, पाणी यांसाठी जनगणनेची जिल्हा पुस्तिका. जिल्ह्याचा इतिहास, पिके, व्यापार, देवळे, किल्ले यांसाठी गॅझेटिअर. एखाद्या ठरावीक दिवशी काय घडले यासाठी त्या वेळचे वर्तमानपत्र. आमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आकड्यांचा होता, म्हणजे जनगणनेचा होता. मी मात्र पहिला हात गॅझेटिअरला घातला. ही माझी पहिली चूक.

२. ते ठिकाण त्या वेळी कोणाच्या राज्यात होते?

दुसरी चूक अधिक मोठी. महाराष्ट्राचा आजचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून आपण जुने ग्रंथ उघडतो. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली १८७७ पासून मुंबई इलाख्याचे जे जिल्हावार गॅझेटिअर निघाले, ते पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी अशा जिल्ह्यांच्या अभ्यासकाला सोन्याची खाण आहे. पण त्यात मराठवाड्याचे जिल्हे शोधू नयेत, कारण मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विदर्भासाठीही ते उघडू नये. त्यासाठी मध्यप्रांत व वऱ्हाडचे ग्रंथ आहेत.

त्या आजीचेच उदाहरण घ्या. ती आपल्या गावाबाहेर फारशी गेली नसेल. पण तिचे गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते, पुढे भारतातील हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात. म्हणजे १९५१ ची जनगणना पाहावयाची तर हैदराबाद राज्याच्या कागदांत, १९६१, १९७१ व १९८१ ची पाहावयाची तर महाराष्ट्राच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आणि भूकंपाच्या अगदी आधीची, १९९१ ची, लातूर जिल्ह्यात. गाव एक, कपाटे तीन.

नावांचेही तसेच. उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. कोकणातला जुना कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो. कॅम्बेलच्या मालेत तो कुलाब्याच्या नावानेच सापडेल. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, शोधावयाच्या गावाचे नाव वहीत लिहा आणि त्याच्यासमोर तालुका, जिल्हा, राज्य असे तीन रकाने काळानुसार भरा. हे काम दहा मिनिटांचे आहे. मी ते केले असते तर वर सांगितलेले वाक्य छापले गेले नसते.

३. ग्रंथाचे साल पाहा

‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ ही चिठ्ठी मी दरवर्षी घालतो. मुले हसून ‘छत्तीस’ म्हणतात. मग मी कपाटातून निरनिराळ्या सालांची पुस्तके काढून देतो. राज्य स्थापन झाले तेव्हा जिल्हे सव्वीस होते. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग व जालना झाले, तेव्हा अठ्ठावीस. १९८२ मध्ये लातूर व गडचिरोली मिळून तीस. १९९० मध्ये मुंबई उपनगर, एकतीस. १९९८ मध्ये नंदुरबार व वाशिम, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया, म्हणजे पस्तीस. २०१४ मध्ये पालघर, छत्तीस. यांतील कोणतेही पुस्तक खोटे बोलत नाही. प्रत्येक पुस्तक आपापल्या वर्षी खरे आहे. वर्ष न पाहता आकडा उचलणारा मात्र चुकतो.

बहुखंडी ग्रंथांत हे अधिक जपावे लागते. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विसावा २०१५ मध्ये. एकाच कोशाच्या दोन टोकांत सुमारे चाळीस वर्षांचे अंतर आहे. सुरुवातीच्या खंडांत, ‘उ’ या अक्षराखाली आलेली उस्मानाबाद जिल्ह्याची नोंद लातूर वेगळा होण्याच्या आधीची आहे. म्हणून ‘विश्वकोशात असे आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या खंडात आणि तो खंड कोणत्या सालचा, हे लिहावे लागते.

आणखी एक सापळा पुनर्मुद्रणाचा. मुखपृष्ठ नवे, कागद नवा, साल ताजे. पण आतला मजकूर पन्नास वर्षांपूर्वीचा. मुखपृष्ठामागचे पान उलटून पहिली आवृत्ती केव्हाची, पुढची आवृत्ती सुधारलेली आहे की केवळ पुन्हा छापलेली, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. जुने ग्रंथ टाकाऊ असतात असा मात्र याचा अर्थ नाही. १९७१ मधील गावाची स्थिती जाणावयाची असेल तर १९७१ चे पुस्तकच सर्वांत चांगले. प्रश्न ज्या काळाचा, ग्रंथही शक्यतो त्या काळाचा असावा.

४. ग्रंथ उघडण्याची रीत

योग्य ग्रंथ हाती आल्यावरही उत्तर निसटते, याचे कारण कोशाची रचना आपण पाहत नाही. एका मुलाने एकदा तक्रार केली, “सर, एवढ्या मोठ्या शब्दकोशात ‘गाव’ हा शब्दच नाही.” शब्द होता, पण ‘गांव’ असा, अनुस्वारासह. १९६२ मध्ये मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या कोशांत नांव, गांव, कांहीं ही रूपे आहेत आणि अनुस्वारामुळे शब्द भलत्याच पानावर जाऊन बसतो. अनुस्वाराचा क्रमही लक्षात ठेवावा. विश्वकोशाचा आरंभच ‘अंक’ या नोंदीने होतो, म्हणजे तेथे अनुस्वार आधी. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही अक्षरे काही कोशांत शेवटी स्वतंत्र असतात, तर काहींत ‘क’ आणि ‘ज’ यांच्या जोडाक्षरांत. ‘ज्ञानेश्वर’ सापडले नाहीत म्हणून कोशाला दोष देण्यापूर्वी दोन्ही ठिकाणी पाहावे.

व्यक्तींच्या बाबतीत टोपणनावांचा घोटाळा होतो. बालकवी हवे असतील तर ठोंबरे, केशवसुत हवे असतील तर दामले, गोविंदाग्रज हवे असतील तर गडकरी, असे आडनावाखालीही पाहावे लागते. चांगला कोश ‘पहा’ अशी सूचना देऊन वाट दाखवितो. ती सूचना कंटाळा न करता पाळावी.

आणि प्रस्तावना वाचावी. संदर्भग्रंथाची प्रस्तावना विद्यार्थी वाचत नाहीत, शिक्षकही क्वचितच वाचतात. ग्रंथात काय घेतले, काय वगळले, क्रम कसा लावला, संक्षेपांचा अर्थ काय, हे सारे तेथे सांगितलेले असते. केतकरांच्या ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत. अक्षरक्रमाने लावलेल्या नोंदी त्यांच्यानंतर सुरू होतात. हे ज्याला ठाऊक नाही तो पहिला खंड उघडून ‘अ’ शोधत बसतो.

५. दोन ग्रंथ जुळले नाहीत तर?

ज्येष्ठ विद्यार्थ्यांसाठी मी एक प्रश्न राखून ठेवतो : शिवाजी महाराजांचा जन्म केव्हा झाला? ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात १६२७ हे वर्ष मिळते. बखरींच्या परंपरेतही शके १५४९, म्हणजे १६२७ हेच साल येते. आज आपण १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतो. मग काय, बहुमत घ्यावयाचे? ग्रंथांच्या बाबतीत बहुमताला अर्थ नसतो, कारण दहा पुस्तके एकाच जुन्या पुस्तकावरून उतरलेली असू शकतात. घटनेच्या सर्वांत जवळचा साक्षीदार कोण, हे पाहावे लागते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद आहे. समकालीन कवी परमानंद याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही तीच तिथी येते. वेगवेगळ्या वाटांनी आलेली ही दोन साधने जुळली, म्हणून तिचे वजन वाढले. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख २००१ मध्ये स्वीकारली.

येथेही एक धडा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे शाळेत शिकविलेले असते. एका हुशार विद्यार्थ्याने १५५१ मध्ये ७८ मिळवून १६२९ असे उत्तर काढले आणि सर्व इतिहासकार चुकले असे जाहीर केले! फाल्गुन वद्य तृतीया शकाच्या अगदी शेवटी येते, तोवर इसवी सनाचे नवे वर्ष लागलेले असते. म्हणून तेथे ७९ मिळवावे लागतात. यासाठीच जंत्री नावाचे साधन असते. शिवकालासाठी खरे यांची जंत्री आहे. पुढील काळासाठी मोडक यांची. तिथीची तारीख करताना तोंडी बेरीज न करता जंत्री उघडावी.

६. मोबाईलविषयी

आता त्या मुलाच्या उत्तराकडे वळतो. त्याचे उत्तर अगदीच चूक नव्हते. मराठी विश्वकोश आज मोबाईलवर वाचता येतो, जुनी गॅझेटिअरे व जनगणनेची पुष्कळ पुस्तकेही दिसतात. ज्या ग्रंथासाठी पूर्वी पुण्या-मुंबईला जावे लागे, तो तालुक्याच्या गावी बसून उघडता येतो. ही सोय ज्याने जुने दिवस पाहिले त्याला तरी कमी लेखता येणार नाही. पण ‘मोबाईलवर पाहिले’ हे उत्तर ‘ग्रंथालयात पाहिले’ या उत्तराइतकेच अपुरे आहे. ग्रंथालयात कोणता ग्रंथ? मोबाईलवर कोणते साधन? लिहिले कोणी, केव्हा, कशाच्या आधाराने? आता तर प्रश्न विचारताच यंत्र सलग, नीटस मराठीत उत्तर लिहून देते. भाषा नीटस असली की मजकूर खरा वाटतो, हा माणसाचा जुना दोष आहे. मी त्या मुलीला दिलेले उत्तरही ठाम आणि नीटसच होते.

शेवटी एक विनंती. शोधूनही काही मिळाले नाही, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहू नका. ‘अमुक ग्रंथाचा अमुक सालचा खंड पाहिला, त्यात मला आढळले नाही’ असे लिहा. पहिल्या वाक्याने पुढच्या माणसाची वाट बंद होते. दुसरे वाक्य त्याला सांगते, येथवर मी आलो, येथून पुढे तू जा. तुमच्या प्रकल्पात या एका वाक्याला मी इतर दहा पानांपेक्षा अधिक मोल देईन.

ती ओळ सापडली तेव्हा त्या विद्यार्थिनीचे शिक्षण संपले होते. मी एका कार्डावर गावाचे सारे आकडे उतरवून घेतले आणि तिच्या घरी पाठविले; खाली पुस्तकाचे नाव, साल व पृष्ठ लिहिले, आणि ‘चूक माझी’ असेही लिहिले. महिनाभराने तिचे पत्र आले. कार्ड तिने आजीला वाचून दाखविले होते. घरांचा आणि माणसांचा आकडा आजीने नुसता ऐकून घेतला. बाजाराचा वार वाचताच मात्र ती म्हणाली, “बरोबर हाय.”

त्या जुन्या अंकातील वाक्य आता खोडता येत नाही. निदान त्याच वार्षिकाच्या पानावर ही दुरुस्ती नोंदली जावी, एवढ्यासाठी हा लेख.